बारा वंशांचं शेत

ट्रॉय

अमेरिकेहून आलेल्या बाईला अलिबागात पहिला प्रश्न विचारतात तो नायगाराचा. मी नायगारा पाहिला. फोटोत दिसतो तसाच आहे, फक्त अंगावर पाणी उडतं. त्याविषयी याहून जास्त मला काही सांगायचं नाही. सांगायचंय ते मिशिगनमधल्या एका शेताविषयी, आणि ते मी दीड वर्ष कुणाला सांगितलेलं नाही.

आधी माझी ओळख देते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. गावाकडे आम्हाला 'शनिवार तेली' म्हणत, कारण आमच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही, असं लहानपणापासून ऐकत आले. घरात मराठी, कालवणात नारळाचं दूध, दाराच्या चौकटीवर मेझुझा, शास्त्रवचन ठेवलेली छोटी डबी. अलिबागच्या भूमि अभिलेख कचेरीत मी चौतीस वर्षं नोकरी केली. मोजणीचे नकाशे ट्रेस करायचं काम. भावाभावांची वाटणी झाली की एका जमिनीचे तुकडे दाखवणारा फाळणी नकाशा निघतो, तो पुष्कळदा माझ्या हातचा असे. मालकांचे चेहरे मी पाहिलेले नसत, पण त्यांच्या बांधांची वळणं मला पाठ होती.

२००६च्या ऑक्टोबरात मी मुलाकडे, आवीकडे, ट्रॉयला गेले. डेट्रॉइटच्या शेजारचं हे गाव. आवी मोटारींच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. पर्समध्ये पासपोर्टच्या शेजारी एक कागद होता. हक्कसोडपत्राचा मसुदा.

नवगावला वडिलांची एक एकर बारा गुंठे जमीन आहे. सातबाऱ्यावर दोन नावं: माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, शालोमचं. बंगले बांधणारं मुंबईचं कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. शालोम मला विमानतळावर सोडायला आला, तिथं त्यानं तो कागद हातात ठेवला.

"ताई, सवडीनं वाच. आल्यावर सही कर."

"आणि नाही केली तर?"

"नाही कशाला करशील? शास्त्रातच आहे. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेकडे जमिनीचा वाटा मागितला, त्यांना मिळाला. का? तर त्यांना भाऊ नव्हता. तुला मी आहे."

तो हसत म्हणाला. शास्त्र त्याला सोयीपुरतं चांगलं येतं.

सातबाऱ्यावर पूर्वी तिसरं नाव होतं, आमच्या थोरल्या बहिणीचं, लेआताईचं. वडील गेल्यावर तिनं हक्क सोडला. तिला सहीला बसवलं ते मीच. कचेरीत होते, कागद मला कळतात, म्हणून. "भावाशी वाकडं कशाला घ्यायचं, ताई," असं म्हणाल्याचं मला स्पष्ट आठवतं. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं, म्हणून माझं नाव राहिलं. सातबाऱ्यावरून नाव कमी करताना ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नाव वाचता येतं, पण धरायचं नाही. पुढे ताई विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. माहेरी येऊन झोपडीपुरती जागा मागू लागली. शालोम म्हणाला, "सही केलीस ना?" ती पेणला भाड्याच्या खोलीत राहिली आणि तिथंच गेली. मी दर महिन्याला तिला भेटायला जायचे. जागेचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

मुलाकडे पंधरा दिवस झाले तरी तो मसुदा मी उलगडला नव्हता.

अंगठ्याच्या दिशेनं

आवीच्या ऑफिसात राहुल नावाचा नागपूरचा मुलगा आहे. एका रविवारी तो नाश्त्याला आला. मी घावन आणि नारळाचा रस केला होता. तिसऱ्या घावनाला त्याला आठवण झाली.

"काकू, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्या वीकेंडला आम्ही ॲपल पिकिंगला गेलो होतो. रस्ता मिस केला. तर एका शेतात ओळीनं बोर्ड लागलेत. डॅन, ॲशर, नॅफ्टली... मी म्हटलं, हे तर तुमच्या पुस्तकातले लोक!"

"शेतमालकाच्या पोरांची नावं असतील यार," आवी म्हणाला.

"इतकी पोरं? दहा-बारा बोर्ड होते."

"नॅफ्टलीनंतर कुठलं होतं?" मी विचारलं.

"काहीतरी मनास... मनासे?"

माझ्या हातातला कालथा तसाच राहिला. दान, आशेर, नफताली, मनश्शे. याकोबाच्या मुलांच्या जन्माचा क्रम हा नाही. यहोशवानं इस्राएलाच्या बारा वंशांना देश वाटला तेव्हाचाही नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे अशा ओळीनं ही नावं एकाच ठिकाणी येतात. देश हातचा गेल्यावर परमुलखात बसलेल्या एका संदेष्ट्याला दर्शन झालं. त्यात देशाची पुन्हा वाटणी होते, सगळ्या वंशांना सारखे, पूर्व-पश्चिम पट्टे. ही वाटणी प्रत्यक्षात कधी झाली नाही. ती जमिनीवर आखलेली मी ऐकलीसुद्धा नव्हती.

"मला तिथं न्या," मी म्हटलं.

मिशिगनचा नकाशा हातमोज्यासारखा आहे. तिथली माणसं गाव कुठं आहे ते तळहात पुढे करून दाखवतात. राहुलनं अंगठ्याच्या मधोमध बोट ठेवलं. त्या भागाला 'अंगठा'च म्हणतात. दोन तासांचा रस्ता.

त्या रस्त्याविषयी सांगायलाच हवं. आपल्याकडे बांध ओढ्याबरोबर वळतो, आंब्याला वळसा घालतो, कधी आजोबांच्या भांडणालाही घालतो. तिथं रस्ता पट्टीनं ओढलेला. दर मैलावर काटकोनात दुसरा रस्ता, तोही पट्टीनं. माणसं येण्याआधी कागदावर चौकटी आखल्या आणि मग त्या देशाला चिकटवल्या, असं वाटतं. कापलेल्या बीटांचे ढीग, वाळलेला उभा मका, मधूनच एखादं पांढरं घर. माणूस दिसत नाही. पाऊण तासानं धुकं आलं. रात्रीचं नाही, चांगलं अकरा वाजता, आणि ते शेतातून उठत होतं. आवीनं इंटरनेटवरून छापून आणलेल्या रस्त्याच्या कागदावर दोन वळणं अशी होती जी जमिनीवर नव्हती. राहुलच्या मोबाइलला रेंज नव्हती.

"परत फिरू या का, आई?"

"तो बघ बोर्ड," मी म्हटलं.

कमरेएवढ्या लाकडी खांबावर फळी होती. तिच्यावर कोरलेलं अक्षर काळ्या रंगानं नुकतंच भरलेलं: दान.

चार ताटं

घराच्या ओट्यावर एक बाई उभी होती. ऐंशीच्या पुढची, ताठ, हाताला पीठ लागलेलं. आम्ही तिघं उतरलो. तिनं आमच्या मागं गाडीकडे पाहिलं.

"ती गाडीतच बसली का?" तिनं विचारलं.

माझं इंग्रजी कचेरीपुरतं आहे, पण 'ती' मी स्पष्ट ऐकलं. आवी म्हणाला, "आम्ही तिघंच आहोत. सॉरी, न सांगता आलो. माझ्या आईला तुमचं शेत पाहायचं होतं."

"चौघं येणार होते," ती म्हणाली. रागावून नव्हे, दूधवाल्यानं एक पिशवी कमी दिल्यावर म्हणावं तसं. "असू दे. जेवण गरम आहे."

तिचं नाव एडना. आत तिचा थोरला भाऊ वॉल्टर खुर्चीत बसला होता. त्याच्या गुडघ्यांनी आता चालणं सोडलं होतं. टेबलावर त्या दोघांची ताटं होती आणि समोर आणखी चार. राहुल माझ्या कानाशी म्हणाला, "काकू, हे जरा क्रीपी आहे हां."

वॉल्टर हसला. "एडनाला ताटांची संख्या आधी कळते. कधी चुकते. बसा."

घेवड्याचं सूप, घरची पाव-लादी, सफरचंदं आटवून केलेला तपकिरी मुरंबा. सूपकडे पाहून मी थबकले, तर एडना म्हणाली, "डुकराचं काही नाही. या घरात कधी नव्हतं. आजोबांचा नियम होता. पाहुणे आले तर त्यांना चालायला हवं." परक्या देशात, परक्या धर्माच्या घरात, माझ्या पथ्याचं जेवण तीन पिढ्या तयार होतं. आनंद व्हायला हवा होता. माझ्या पाठीवर मात्र काटा आला.

चौथ्या ताटात तिनं सूप वाढलं. त्याची वाफ निघत राहिली.

त्यांचा पंथ कोणता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबा युरोपातून आले, त्यांना सरकारी चौकटींपैकी अर्धा मैल लांब-रुंद चौकट मिळाली, एकशे साठ एकर. त्यांनी ती तेरा पट्ट्यांत आखली. बारा वंशांचे बारा आणि यहूदा व बन्यामीन यांच्या मधला पवित्र पट्टा, ज्यावर नांगर फिरत नाही. बारा पट्ट्यांवर मका आणि घेवडा पिकतो, पण वॉल्टर स्वतःला मालक म्हणत नव्हता.

"जमीन देणाऱ्याची असते," तो म्हणाला. "म्हणून ती कायमची विकता येत नाही. आपण त्याच्याकडे उतरलेले पाहुणे. ज्यांचा वाटा आहे ते येईपर्यंत आम्ही राखतो."

"कूळ," मी आवीला म्हटलं. "त्यांना सांग, आमच्याकडे कायदा झाला होता, कसेल त्याची जमीन."

आवीनं सांगितलं. वॉल्टरनं पावाचा तुकडा मोडला. "इथं उलट आहे," तो म्हणाला. "कसणाऱ्याची नाही."

मग त्यानं मला विचारलं, "तुमचा वंश कोणता?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. सात पुरुष आणि सात बायका पाण्यातून बाहेर आले, त्यांचे ग्रंथ बुडाले, आणि आपण कोण हेसुद्धा बुडालं. शनिवार पाळायचा आणि शेमाची प्रार्थना म्हणायची, एवढं आठवत राहिलं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

वॉल्टरचा चेहरा पडला. "मग तुम्हाला ठेवायचं कुठं?"

ठेवायचं! राहुलनं चमचा खाली ठेवला.

"चिठ्ठी टाकू," एडना म्हणाली आणि कपाटातून एक कातडी पिशवी घेऊन आली. आत सफरचंदाच्या लाकडाच्या चकत्या खुळखुळत होत्या. वॉल्टर मला समजावू लागला. देश वाटताना चिठ्ठ्याच का? तर माणसानं वाटणी केली की एक भाऊ हसतो आणि एक रडतो. चिठ्ठीनं केली की दोघंही गप्प बसतात, कारण बोलणारा तिसराच असतो.

मी हात घातला. नको म्हणायला हवं होतं, पण चौतीस वर्षं मी लोकांच्या वाटण्या काढल्या होत्या, माझी कुणी काढली नव्हती. बोटांना एक चकती लागली ती इतर चकत्यांपेक्षा गार होती. काढली. दोन्ही बाजूंनी कोरी.

एडनानं पिशवी टेबलावर उलटी केली आणि बोटानं एकेक चकती मोजली. बाराच्या बारा नावं तिथं होती.

"परक्याची," वॉल्टर हळूच म्हणाला. "आजोबा सांगायचे एक कोरी आहे म्हणून. दर्शनात आहे ना, तुमच्यात राहणाऱ्या परक्यालाही वाटा द्या. ती त्याची."

"नाही," एडना म्हणाली. "परक्याला ज्या वंशात राहतो त्याच वंशात वाटा मिळतो. त्याला वेगळी चकती कशाला? आजोबांनी मला निराळं सांगितलं होतं. ज्याचा वाटा दुसऱ्यानं घेतला, त्याची ही."

"तुला कधी सांगितलं?"

"तुम्ही पुरुष शेतावर असताना." तिनं एकेक चकती पिशवीत परत टाकायला घेतली. "वडिलांनी कागद केला तेव्हा त्यावर फक्त तुझं नाव घातलं, वॉल्टर. मी याच टेबलावर ताटं मांडत होते. राखणदारीचासुद्धा वाटा असतो. तो मला कुणी विचारला नाही."

बहुधा इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं, आणि ते पाहुण्यांच्या देखत.

कोरी चकती अजून माझ्या मुठीत होती. मी ती ताटाशेजारी ठेवली. माझ्या नव्हे, चौथ्या ताटाशेजारी. का ठेवली, सांगता येत नाही. एडनानं ते पाहिलं आणि मान डोलावली.

मधला पट्टा

जेवणानंतर एडना आम्हाला बाहेर घेऊन गेली. धुकं इतकं दाट होतं की पंधरा पावलांपलीकडचा मका फक्त ऐकू येत होता. वाळलेल्या पात्यांचा आवाज कुणीतरी कागद चाळत बसल्यासारखा.

प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक खोपटं होतं. आमचा मांडवांचा सण नुकताच झाला होता, आवीनं गच्चीत काठ्या आणि मक्याची ताटं बांधून मांडव केला होता, म्हणून मला ती बांधणी ओळखीची वाटली. पण आत पाहिलं आणि ओळख संपली. एक खाट, धुतलेली चादर, उशी, पाण्याचा तांब्या, खुंटीला टॉवेल. दुसऱ्या खोपटात तसंच. तिसऱ्यात तसंच. बारा खोपटी, एकातही माणूस नाही आणि एकातही धूळ नाही.

"चादरी कधी बदलता?" मी विचारलं.

"दर शुक्रवारी."

"कुणी वापरत नसताना?"

एडनानं माझ्याकडे पाहिलं. "चादरी मी धुते," ती म्हणाली. "वापरतात की नाही, ते मला माहीत आहे."

त्यानंतर कुठल्याच खोपटात मी डोकावले नाही.

वॉल्टरनं मला एक काम सांगितलं होतं. मी मोजणी खात्यातली, हे कळल्यावर त्याचे डोळे चमकले होते. मधल्या पवित्र पट्ट्याची रुंदी आजोबांनी तीन साखळ्या ठेवली होती. त्याच्या पलीकडच्या कडेचं कुंपण सरकलंय, अशी त्याला शंका होती, आणि त्याला आता तिथवर जाता येत नव्हतं. त्यानं आजोबांची लोखंडी साखळी दिली. ती हातात घेतली आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला घरच्यासारखं वाटलं. आमची साखळी तेहतीस फुटांची, साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. त्यांची सहासष्ट. बरोबर आमच्या दुप्पट. कुठं नवगाव, कुठं मिशिगन, आणि जमीन मोजणारा हात एकाच मापाचा.

मागच्या टोकाला मी राहिले. पुढचं टोक धरून राहुल जाणार होता. त्याला समजावलं: साखळी ताणायची, सरळ झाली की दोन हिसके द्यायचे, मी तिथवर चालत यायचं, मग तू पुढं. आवी आणि एडना खोपटापाशी थांबले.

पहिली साखळी. राहुल धुक्यात शिरला. ताण आला, दोन हिसके. मी चालत गेले, तो हसत उभा होता. "काकू, रोड बनवायला आलोय असं वाटतंय."

दुसरी साखळी. तसंच.

तिसरी. मी टोक धरून उभी राहिले. गवत ओलं होतं. साखळी माझ्या हातून जमिनीवर सरकत गेली, मग थांबली. मग उचलली गेली. ताण आला, पण आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा चांगला, सराईत हाताचा. राहुलनं दोन्ही वेळा साखळी डावीकडे ओढली होती. आता ती अगदी रेषेत होती. दोन हिसके आले. हलके, एकामागून एक.

"आले रे," मी म्हटलं आणि निघाले.

"काय म्हणालात काकू?"

आवाज माझ्या पाठीमागून आला.

मी वळले. राहुल मागून चालत येत होता. एका पायात बूट, एक बूट हातात. "अहो, बूट चिखलात फसला. म्हणून साखळी खाली ठेवली आणि परत आलो आवीकडे, काठी आणायला. तुम्हाला हाक मारली ना मी! ऐकली नाही का?"

साखळी माझ्या हातात ताणलेली होती.

किती वेळ ते मला सांगता येत नाही. श्वास दोन-तीन असतील. मी ओरडले नाही. ओढलीही नाही. चौतीस वर्षांची सवय अशी की समोरचा माणूस टोक धरून उभा असताना साखळीला झटका द्यायचा नाही, त्याच्या हाताला लागतं. मग ताण हळूहळू सैल झाला. कुणीतरी साखळी टाकली नाही, खाली ठेवली.

आम्ही दोघं तिच्या कडेनं पुढं गेलो. कुंपणालगतचा सीमेचा दगड दिसला. आजोबांनी रोवलेला, गुडघाभर उंच. साखळीची शेवटची कडी त्या दगडाच्या माथ्यावर बसवलेली होती. तीन साखळ्या पूर्ण, अर्धी कडीसुद्धा जास्त नाही, कमी नाही. इतकी तंतोतंत जमलेली मोजणी मी नोकरीत कधी पाहिली नव्हती.

"मी इथपर्यंत आलोच नाही," राहुल म्हणाला. तो थट्टेखोर मुलगा आहे, पण त्या वेळी त्याचे ओठ पांढरे झाले होते. "काकू, आईशपथ. मी इथं आलोच नाही."

मी दगडावर हात ठेवला. त्याच्यावर नाव नव्हतं. मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

"ताई," मी म्हटलं. राहुलला वाटलं त्याला काही म्हणाले.

आम्ही घराकडे परतलो. वॉल्टरला मी सांगितलं, "कुंपण जागेवर आहे." त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. निघताना एडनानं मुरंब्याच्या चार बाटल्या दिल्या. आम्ही तिघंच म्हणून मी एक परत करू लागले, तर तिनं ती माझ्या पिशवीत ठेवली आणि आत निघून गेली. मी परत निघेपर्यंत राहुल आमच्याकडे जेवायला आला नाही, फोनवर मात्र रोज माझी चौकशी करायचा.

नवगाव

नोव्हेंबरात परतले. शालोम विमानतळावर आला होता. गाडीत बसल्याबरोबर मी तो मसुदा त्याला परत दिला.

"सही नाही?"

"नाही. वाटणी करू. चिठ्ठ्या टाकून."

"दोन वाटे म्हणजे तुकडे होतील. गिऱ्हाईक जाईल."

"दोन नाही," मी म्हटलं, "तीन."

तिसरा कुणाचा, ते त्याला लगेच कळलं. त्यानं गाडी बाजूला घेतली. "मेलेल्या माणसाला वाटा नसतो, ताई. तू कचेरीतली, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तिला सहीला मी बसवलं, तेही ठाऊक आहे. माझं चुकलं, शालोम. तुझं नंतर चुकलं, आधी माझं चुकलं."

तो दहा महिने माझ्याशी बोलला नाही. रोश हशानाला, आमच्या नव्या वर्षाला, त्याच्या घरून हलवा आला नाही, तेव्हा मी समजले की आता तुटलं. गिऱ्हाईक खरोखरच गेलं. मग सुक्कोथाच्या, मांडवांच्या सणाच्या, आधी तो एका संध्याकाळी दारात उभा राहिला. म्हणाला, "मोजणीचा अर्ज केलाय. येशील ना?"

मोजणी झाली. तीन सारखे तुकडे पडले: रस्त्याकडचा, मधला आणि माडांच्या कडेचा. चिठ्ठ्या मी लिहिल्या, गावच्या दोन वडीलधाऱ्यांसमोर त्या तांब्यात टाकल्या. पहिली काढायची पाळी शालोमची, माडांच्या तुकड्यासाठी. त्यानं उघडली, वाचली आणि तिथंच बांधावर बसला. चिठ्ठीवर लेआताईचं नाव होतं. झोपडीपुरती जागा तिनं मागितली होती ती तिथंच, त्या माडांच्या कडेला. हे मला माहीत नव्हतं. त्यानं तेव्हा मला सांगितलं.

कागदावर तिचं नाव लागू शकत नाही. तो तुकडा आमच्या दोघांच्या नावे सामाईक लागला. हद्दीच्या खुंट्या मोजणीदाराचा माणूस ठोकणार होता. शालोमनं त्याच्या हातातून हातोडा घेतला आणि त्या तुकड्याच्या चारही खुंट्या स्वतः ठोकल्या.

भात निघाल्यावर त्यानं तिथं वाल पेरले. फाल्गुनात शेंगा झोडल्या तेव्हा मी गेले होते. शालोमनं मला विचारलं नाही, पसरलेल्या वालांचे त्यानं तीन ढीग केले. एक त्याचा, एक माझा. तिसऱ्याला आम्ही दोघांनीही हात लावला नाही. ऊन चढलं तसे आम्ही माडाच्या सावलीत जेवायला बसलो.

जेवून उठलो, तर तिसरा ढीग ओंजळभर कमी दिसत होता.

शालोमनं वर माडाकडे पाहिलं. "पाखरं असतील," तो म्हणाला.

"असतील," मी म्हटलं.